हरणासाठी ठासणीची रायफल: ४५, ५० की ५४?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, आता बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर परिसरात राहतात. ग्रीन कार्ड आहे. शेजारच्या वयस्क गृहस्थांमुळे त्यांना शिकारीची ओढ लागली, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झाला. येत्या ख्रिसमसनंतर सुरू होणाऱ्या फ्लिंटलॉकच्या (तोंडाकडून दारू-गोळी ठासायची आणि गारगोटीच्या ठिणगीने उडणारी जुन्या घाटाची बंदूक) हंगामात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जायचा विचार आहे. शेजारी आपली जुनी ४५ कॅलिबरची रायफल वापरायला द्यायला तयार आहेत. क्लबातले लोक ५० सुचवतात. दुकानदार म्हणतो, एकदाच घ्यायची तर ५४ घ्या. ताईंच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती आणि "नळी मोठी तर जनावर जागेवर" असं ते म्हणत. ताई लिहितात, "माझी उंची पाच फूट एक इंच. हरीण जखमी होऊन निघून गेलं तर मला झोप लागणार नाही. मग सगळ्यात मोठीच घेऊ का? आणि पुण्यातली बहीण विचारते, तिकडे जाऊन शिकार करतेस? तिला काय सांगू?"

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं झोपेबद्दलचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बंदूक कोणती घ्यावी असं विचारणारे पुष्कळ भेटतात. जखमी होऊन निघून गेलेल्या जनावराचा विचार आधी करणारे कमी भेटतात. ती काळजी सोडू नका, तिच्याच आधाराने आपण हा प्रश्न सोडवू.

तुमच्या तीन पर्यायांत मी ५० निवडेन. ५४ हरणासाठी उत्तम आहे, पण तुमच्या बाबतीत पहिली रायफल म्हणून नको. शेजाऱ्यांची ४५ नाकारू नका, तिचा उपयोग मी पुढे सांगतो. पण एवढ्याने तुमची काळजी मिटणार नाही, कारण हरीण जखमी होऊन निघून जाण्याची कारणं बहुतेक वेळा कॅलिबरमध्ये नसतात. गोळी चुकीच्या जागी लागलेली असते, किंवा माणसाने आपल्याला झेपणाऱ्या अंतरापलीकडे चाप ओढलेला असतो. पोटात लागलेली ५४ ची गोळी हरणाचे तेच हाल करते जे ४५ ची करते. "मोठी घेतली की चूक झाकली जाईल" हे तुमच्या प्रश्नामागचं गृहीतक मला आधी बाजूला काढायचं आहे.

ते आलं कुठून, हे पत्रातच दिसतं. वडील सांगत होते ते त्यांच्या बंदुकीपुरतं बरोबरच होतं. कोकणातल्या शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यात बहुधा छर्रे ठासतात आणि भातात शिरलेल्या डुकरावर किंवा वानरांना पळवायला अगदी जवळून बार काढतात. तिथे नळी रुंद म्हणजे छर्रे जास्त, आणि छर्रे जास्त म्हणजे परिणाम जास्त. तुम्ही घेणार ती रायफल आहे. तिच्या नळीत पीळदार चर असतात, तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची एकच गोल गोळी त्या चरांना धरून फिरत बाहेर पडते, आणि ती नेमकी एका जागी जाते. वडिलांच्या बंदुकीचं बळ पसरण्यात होतं. इथे सगळी मदार त्या एका गोळीवर, आणि ती कुठे लागते यावर.

आता आकडे बघू. कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. ५० म्हणजे अर्धा इंच, सुमारे १२.७ मिलिमीटर. ४५ आणि ५४ ऐकायला जवळचे वाटतात, पण गोळीचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं. ४५ च्या रायफलीतली गोळी साधारण १२८ ग्रेनची, म्हणजे आठ ग्रॅमच्या थोडी वर. ५० ची १७७ ग्रेन, साडेअकरा ग्रॅम. ५४ ची सव्वादोनशे ग्रेनच्या आसपास, साडेचौदा ग्रॅम. व्यास पाचव्या हिश्श्याने वाढला आणि वजन पाऊणपटीने वाढलं. म्हणजे दुकानदार वावगं काही सांगत नाही. ५४ ची गोळी खरोखर बरीच जड आहे आणि अंगातून आरपार जाण्याची तिची शक्यता जास्त आहे.

आरपार जाण्याला मी एवढं महत्त्व का देतो तेही सांगतो. फुप्फुसांत नीट गोळी लागलेलं हरीणसुद्धा बऱ्याचदा जागेवर पडत नाही, पन्नास-शंभर यार्ड धावतं आणि मग कोसळतं. गोळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडली असेल तर रक्ताचा माग ठळक मिळतो. ती पलीकडच्या कातडीखाली अडकून राहिली तर रक्त आतच साचतं आणि माग पुसट होतो. ४५ ची गोल गोळी जवळून हरणाला पुरते, पण ती पलीकडच्या बाजूला अडकण्याची शक्यता ५० पेक्षा जास्त. मी तुम्हाला ४५ वरून ५० कडे नेतोय ते मुख्यतः या मागासाठी. प्रौढ व्हाइटटेल (तुमच्याकडचं पांढऱ्या शेपटीचं हरीण) मादी साधारण पन्नास-साठ किलोची असते. आडवी उभी असेल आणि अंतर बेताचं असेल, तर ५० ची गोळी तिच्या छातीतून पलीकडे जायला सहसा पुरते.

मग ५० वरून ५४ कडे का जायचं नाही? एल्क किंवा मूस, म्हणजे तिकडची फार मोठी हरणं, मारायची असतील तर जरूर जा. तुमच्या भागातल्या हरणासाठी तो जादा भार तुमच्या खांद्याला सोसावा लागेल, आणि त्याची परतफेड होईल असं मला वाटत नाही. जड गोळीला तेवढाच वेग द्यायचा तर दारू जास्त लागते, आणि दोन्ही वाढले की धक्का वाढतो. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, खांदा आवळतो. फ्लिंटलॉकमध्ये ही सवय फार महागात पडते.

फ्लिंटलॉकचं सगळं काम टप्प्याटप्प्याने होतं. चाप ओढला की गारगोटी धरलेला घोडा पडतो, गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या बाजूच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूवर, पडतात, रंजक तुमच्या डोळ्यांसमोर भडकतं, त्याची आग नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आत शिरते, आणि तेव्हा कुठे बार होतो. सगळं नीट जमलं तर हे फार झटकन होतं, तरी आधुनिक रायफलीपेक्षा सावकाशच. तेवढ्या वेळात माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, हरणाच्या छातीवर स्थिर ठेवायची असते, तोंडाजवळ जाळ झाला तरी. ज्याला हे जमलं त्याच्या हातची ४५ भरवशाची. ज्याला जमलं नाही त्याने ६२ आणली तरी हरणाला धोकाच. आणि हे जमतं फक्त भरपूर बार काढून. ज्या रायफलीतून तुम्ही एका सकाळी वीस बार आनंदाने काढाल ती तुमची रायफल. पाच बारांनंतर खांदा चोळत घरी यावं लागलं, तर डिसेंबरपर्यंत तुमचा सराव सुटलेला असेल.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण तुम्ही राहता तो मुलूखच या रायफलीचं माहेर आहे. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या परिसरात जर्मन कारागीर येऊन स्थिरावले. ते मायदेशाहून जाड, आखूड नळीची, मोठ्या कॅलिबरची शिकारी रायफल घेऊन आले होते. इथल्या जंगलात राहणाऱ्यांना दारू आणि शिसं दुरून आणावं लागे, पाठीवर वाहावं लागे. एका पौंड शिशातून ५८ च्या पंचवीस गोळ्या पडतात, ४५ च्या पन्नासच्या वर. म्हणून नळी लांब होत गेली आणि कॅलिबर लहान. पुढे एकोणिसाव्या शतकात सेंट लुईसच्या हॉकन बंधूंनी रॉकी पर्वताकडे जाणाऱ्यांसाठी उलटं केलं. तिकडे गवे, एल्क, अस्वलं आणि लांबची अंतरं, म्हणून नळी आखूड आणि भक्कम, कॅलिबर ५० ते ५४ च्या घरात. तुम्हाला मिळालेले तीन सल्ले ऐकून मला हेच आठवलं. प्रत्येक सल्ल्याच्या मागे एक मुलूख आहे, एक जनावर आहे. तुमचा मुलूख पूर्वेकडचं रान आणि शेताच्या कडा, आणि तुमचं जनावर व्हाइटटेल.

आता अंतर. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. गोल गोळी हवेत फार लवकर दमते. नळीतून ती सेकंदाला सतराशे ते एकोणीसशे फुटांच्या वेगाने निघाली, तरी शंभर यार्डांवर हजार-अकराशेच्या आसपास येते. जोर वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे निघताना होता त्याच्या साधारण तिसरा हिस्सा उरतो. पन्नास यार्डांवर नेम बसवलेली रायफल शंभरावर पाच-सहा इंच खाली मारते, आणि बाजूचा वारा गोळीला आणखी कित्येक इंच सरकवतो. हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठ-दहा इंचांची. हा हिशेब ४५, ५०, ५४ तिन्हींना लागू आहे, थोड्याफार फरकाने. ५४ घेऊन तुम्ही नव्वद यार्डांवरून मारलेली गोळी, ५० घेऊन चाळीस यार्डांवरून मारलेल्या गोळीपेक्षा जास्त दयाळू ठरेल असं समजू नका.

म्हणून एक परीक्षा स्वतःची घ्या. सहा इंची कागदी ताटल्या आणा. पंचवीस यार्डांपासून सुरुवात करा. टेबलावर रायफल टेकवून नव्हे, रानात जशा बसाल तशा बसून, गुडघ्यावर, झाडाच्या खोडाला टेकून. थंडीचा कोट आणि हातमोजे घालून. सलग पाच गोळ्या ताटलीत गेल्या की दहा यार्ड मागे जा. ज्या अंतरावर पाचातली एक बाहेर जाऊ लागते, त्याच्या अलीकडचं अंतर तुमचं. ते तीस यार्ड निघालं तर तीस. त्यापलीकडच्या हरणाकडे नुसतं बघायचं. मर्माची जागा आठ-दहा इंचांची असताना मी सहाची ताटली सांगतोय, कारण रानात छाती धडधडत असते, फांदी मध्ये येते, हरीण एक पाऊल टाकतं. त्या जादा इंचांवर आपला हक्क सांगू नका, ते हरणासाठी ठेवा.

ही परीक्षा शेजाऱ्यांच्या ४५ वर लगेच सुरू करता येईल. तिचा धक्का सौम्य, दारू कमी लागते, आणि फ्लिंटलॉकच्या जाळाची सवय तिच्यावर फार छान होते. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी ४४ किंवा त्याहून मोठं कॅलिबर लागतं, त्यामुळे ती कायद्यातही बसते. समजा डिसेंबरपर्यंत तुम्हाला नवी रायफल परवडली नाही किंवा आवडली नाही, तर तीच ४५ घेऊन, चाळीस यार्डांच्या आत, आडव्या उभ्या असलेल्या हरणावर जायला माझी काही हरकत नाही.

नवी ५० घेताना कॅलिबरइतक्याच बारकाईने दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे दस्ता, खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. बाजारातल्या बहुतेक रायफली उंच पुरुषाच्या हाताच्या मापाने बनतात. तुमच्या उंचीला दस्ता लांब पडला तर मान पुढे ताणावी लागते, गाल नीट टेकत नाही, आणि गालावर फटका बसतो. लोक त्याला कॅलिबरचा धक्का समजतात. दुकानात जाडसर कोट घालून जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. माशी आपोआप डोळ्यासमोर यायला हवी. आली नाही तर दुसरी उचला, किंवा दस्ता कापून देणारा कारागीर गाठा. लँकेस्टरकडे असे जाणकार मिळायला अडचण येऊ नये. काही जुन्या घाटाच्या रायफलींच्या दस्त्याला मागे चंद्रकोरीसारखी खोलगट पट्टी असते. ती खांद्याच्या खळग्यात धरली तर तिची टोकं रुततात. ती दंडाच्या वरच्या भागावर, खांद्याच्या जरा बाहेर धरायची असते. पहिल्या रायफलीला सपाट पट्टी असेल तर बरं. वजनही हातात घेऊन बघा. जड रायफलीचा धक्का कमी, पण ती दिवसभर बर्फातून वाहायची आहे.

दुसरी म्हणजे नळीतल्या चरांचा पीळ. गोल गोळीला सावकाश पीळ मानवतो, साठ किंवा सहासष्ट इंचांत एक फेरा. अठ्ठेचाळीस इंचांत एक फेरा हा मधला मार्ग, पुष्कळ तयार रायफलींना तोच असतो आणि बेताच्या दारूवर तो गोल गोळी चांगली मारतो. अठ्ठावीस इंचांत एक फेरा असेल तर ती नळी लांबट गोळीसाठी आहे, गोल गोळीसाठी घेऊ नका. हे दुकानदाराला आवर्जून विचारा. कॅलिबरवर तासभर बोलणारे लोक पिळाचं नावही काढत नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण गोळ्या इकडेतिकडे जाण्याचं कारण तिथे असू शकतं.

५० च्या बाजूने एक अगदी व्यवहाराचं कारणही आहे. हे सगळ्यात जास्त खपणारं कॅलिबर आहे. गोळ्या, चिंध्या, ठासायच्या गजाला लावायचे तुकडे, साफसफाईचं सामान, सगळं जवळपासच्या दुकानात मिळतं. ५४ चं सामान पुष्कळदा मागवावं लागतं. दारूचं मात्र आधी बघून ठेवा. फ्लिंटलॉकला खरी काळी दारू लागते. पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हनसारखे पर्याय सहज मिळतात, पण ते पेटायला जास्त उष्णता लागते आणि गारगोटीच्या ठिणगीवर त्यांचा भरवसा नाही. आधुनिक बिनधुराची दारू तर चिमूटभरही घालायची नाही. त्याने नळी फुटते आणि माणसं दगावतात.

माप किती? रायफलीसोबत आलेल्या पुस्तिकेत जी कमाल मर्यादा असेल तिच्या बरंच खालून सुरू करा. ५० ला हरणासाठी सत्तर ते नव्वद ग्रेनच्या मापात बहुतेक जणांचं समाधान होतं. ताटलीवर सत्तरने गोळ्या जवळजवळ पडत असतील तर नव्वदकडे जायची गरज नाही. दारू ठेवायच्या शिंगातून ती थेट नळीत कधी ओतू नका. आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर सगळं शिंग हातात पेटेल. आधी मापात घ्या, मग नळीत. गोळी दारूवर पूर्ण टेकलेली हवी, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका. त्यासाठी गजावर दोन खुणा करा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. घोडा पडूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान एक मिनिट तशीच धरा. उशिरा होणारे बार असतात. गाडीत बसायच्या आधी वाटीतलं रंजक काढून टाका. आणि ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि पोलाद खाते.

हे सदर वाचणारे सगळे पेनसिल्व्हेनियात नाहीत, म्हणून थोडं इतरांसाठी. प्रत्येक राज्याची किमान मर्यादा वेगळी आहे. ओहायोत हरणासाठी ३८ चालतं, कोलोरॅडोत हरणाला ४० आणि एल्कला ५०. त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय खरेदी करू नये. ज्यांच्या राज्यात आधुनिक इनलाइन रायफल (ठासणीचीच, पण पेटवण दारूच्या सरळ मागे असलेली) चालते, त्यांचं गणित निराळं आहे. १९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांची एमके-८५ आली आणि तिथून या रायफलींचं चित्र बदललं. त्यात ५० च्या नळीतून प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेली ४५ ची लांबट गोळी मारतात, दुर्बीण लावतात, आणि शंभर-दीडशे यार्ड सहज बोलतात. त्यांनीही ताटलीची परीक्षा सोडू नये. ताई, तुमच्या ख्रिसमसनंतरच्या हंगामात मात्र इनलाइन चालत नाही, त्यामुळे सवलतीत मिळते म्हणून ती घेऊ नका.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना कळकळीने सांगतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगण्यावर बंदी आहे. वैध शिकार परवाना असलेल्यांना त्यात सूट आहे, आणि ठासणीच्या बऱ्याचशा रायफली त्या कायद्याच्या व्याख्येत "अँटिक" म्हणून बाहेर राहतात. पण सगळ्या राहत नाहीत, आणि राज्याचा कायदा वेगळा असू शकतो. मित्राच्या सांगण्यावर विसंबून व्हिसा धोक्यात घालू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. आणि आठवण म्हणून अशी रायफल भारतात नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या, तिथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.

आता बहिणीचा प्रश्न. तिला राग येणं मला समजतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंद व्हायलाच हवी होती. चितळ, सांबर, भेकर यांना त्या कायद्याचा आधार आहे. पेनसिल्व्हेनियातही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये गेम कमिशन, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, स्थापन झालं, शिकारीवर मर्यादा आल्या, बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली. आज लांडगा आणि प्यूमा तिथे उरलेले नाहीत आणि हरणं इतकी आहेत की कोवळी झाडं रानात वर येऊ देत नाहीत. किती माद्यांचे परवाने द्यायचे ते दरवर्षी भागानुसार ठरतं. परवान्याचे पैसे, आणि १९३७ च्या कायद्याने राखून ठेवलेले बंदुका-काडतुसांवरच्या कराचे पैसे, वन्यजीवांच्या कामासाठी जातात. हे सगळं बहिणीला सांगा, पण ते सांगून तिला पटेलच असं नाही, आणि पटवून घ्यायची गरजही नाही. तिला जनावराबद्दल जे वाटतं तेच तुम्हालाही वाटतं, तुमच्या पत्रात ते लिहिलेलं आहे. दोघींनी त्यातून वेगळा निर्णय घेतला एवढंच. फोटो मात्र तिला पाठवू नका.

गोळी लागल्यानंतरचंही आधीच ठरवून ठेवा. काळ्या दारूचा धूर समोर दाट पडतो, हरीण कुठे गेलं ते दिसत नाही. म्हणून चाप ओढण्याआधी ते नेमकं कुठल्या झाडापाशी उभं आहे ते मनात पक्कं करा, आणि बार झाला की खाली वाकून धुराखालून बघा. मग पुन्हा रायफल भरा आणि अर्धा तास थांबा. लगेच मागे लागलात तर जखमी हरीण उठून दूर जातं. शेजाऱ्यांना पहिल्या वेळी सोबत घ्या, माग काढायला अनुभवी डोळे हवेत. ते हरीण सापडेपर्यंत त्या दिवशीचं दुसरं कुठलंही काम ठेवू नका. केशरी जॅकेट आणि टोपी घाला, नियमात सक्ती असो वा नसो. मांस घरी आणणार असाल तर पेनसिल्व्हेनियाच्या काही भागांत हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे खंगवून मारणारा रोग, आहे हे लक्षात ठेवा. गेम कमिशनने आखलेल्या विभागांचे नियम बघा, तपासणीसाठी डोकं जमा करा आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये थांबू द्या. गोळीच्या वाटेभोवतीचं मांस हात राखून न ठेवता कापून टाका, शिसं पोटात जायला नको. मुलं घरी असतील तर हे विशेष पाळा.

तर आता एवढं करा. या महिन्यात शेजाऱ्यांकडून ४५ मागून घ्या आणि त्यांच्या देखरेखीखाली पंचवीस यार्डांवर सुरुवात करा. क्लबमधल्या दोघातिघांना विचारून त्यांच्या ५० आणि जमल्यास एखादी ५४ पाचपाच बार वापरून बघा. ५४ तुमच्या खांद्याला खरोखर त्रास देत नसेल आणि ताटलीवर ५० इतकीच चांगली मारत असेल, तर माझं मत बाजूला ठेवून ती घ्या, हरणाचं त्यात काही नुकसान नाही. ऑगस्टच्या आत खरेदी उरका म्हणजे नव्या रायफलीला चार महिने मिळतील. डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा ताटल्या लावा आणि जे अंतर निघेल ते शेजाऱ्यांना सांगून ठेवा, म्हणजे रानात मोह झाला तर आठवण करून द्यायला कोणीतरी असेल. आणि ते अंतर वीस यार्डांच्याही वर गेलं नाही, तर या वर्षी रायफल घरी ठेवून त्यांच्यासोबत नुसत्या जा, माग काढायला शिका. हंगाम पुढच्या वर्षीही येतो.